गवतावरचा धबधबा

आमच्या अंगणात एक जंगल कायम वाळत घातलेलं असायचं. त्यात डाव्या हाताला धबधबा, उजव्या हाताला पाणी पिणारी दोन हरणं, मधे कमळांचं तळं आणि मागे दोन डोंगरांच्या फटीतून वर येणारा सूर्य. एखादा मालक फारच मागे लागला तर फांदीवर मोर. अब्बा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायचे. आमच्याकडे दिवाळी झाली की धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांमधे नाटकं उभी राहतात, ती होळीपर्यंत चालतात. गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक असतंच. प्रत्येक कंपनीला राजवाड्याचा, रस्त्याचा, गरिबाच्या घराचा, देवळाचा आणि जंगलाचा पडदा लागे. वडशाच्या आमच्या घरात हे सगळं मांजरपाटावर तयार व्हायचं, आणि आम्ही भावंडं राजवाड्याखाली बसून गृहपाठ करायचो.

शाळेत असताना मी अब्बांना विचारलं होतं की आपल्या जंगलात धबधबा कुठे आहे, आणि तुमच्या जंगलात साग का नाही. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण धंद्याबद्दल बोलताना अब्बा झाडी बोलीवर येतात, कारण धंदा ते त्याच बोलीत शिकले. ते म्हणाले, "जंगल तं लोकाइच्या घरामांगंच हाय, बेटा. तेच पाहाले नाटकात काऊन येतीन ते?"

हा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्या पडद्यांना लागू होता. देवळाच्या पडद्यावर त्यांनी मार्कंड्याचं देऊळ घेतलं होतं, पण तिथं जे जे ढासळलेलं आहे ते सगळं पडद्यावर धडधाकट उभं होतं. गरिबाच्या घराच्या भिंतीला चिरा असायच्या, पण त्या नक्षीसारख्या डौलदार असायच्या. पडद्यावर मोडकं काही दाखवायचं नाही, आणि घरी असतं ते दाखवायचं नाही. माणूस मैलभर चालून, घोंगडी अंथरून, थंडीत बसतो तो स्वतःचं आवार पाहायला नाही, एवढं साधं गणित.

मी पुढे गडचिरोलीला महाविद्यालयात शिकवायला लागले. मराठीच्या अभ्यासक्रमात साहित्यशास्त्र आणि सौंदर्यविचार असा एक भाग असतो, तो कोणी घेत नाही म्हणून माझ्याकडे आला आणि मग माझाच झाला. माझा स्वभाव त्याला बरा जुळतो. अम्मी म्हणते की ही मुलगी लहानपणी पडली तरी आधी गुडघा किती फुटला ते नीट पाहायची, मग रडायचं की नाही ते ठरवायची. सौंदर्यशास्त्राला अशीच माणसं लागतात. वस्तूपासून थोडं मागे सरकून उभं राहायचं, आणि आपल्याला जे वाटतंय ते का वाटतंय याची चौकशी करायची.

वर्गात मी दरवर्षी एक उदाहरण देते. भय वेगळं आणि भयानक रस वेगळा. रस्त्यात साप आडवा आला तर आपण पळतो; तेव्हा कोणी थांबून वा म्हणत नाही. तेच रंगमंचावर झालं की अंगावर काटा येतो आणि पुन्हा तिकीट काढावंसं वाटतं. कारण ते भय आपलं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं झालं की ते सोसतं. जुन्या आचार्यांनी याला साधारणीकरण म्हटलं आहे. मुलं ही व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. मीही बरीच वर्षं ती तशीच सांगत होते.

अब्बांच्या त्या नियमावर मी एका चर्चासत्रासाठी निबंधही लिहिला. कला वास्तवाची नक्कल करत नाही हे आमच्या अंगणात कसं सिद्ध झालं आहे, असा त्याचा थाट होता. घरी येऊन अब्बांना वाचून दाखवला, तर दुसऱ्याच पानावर ते घोरायला लागले. अम्मी म्हणाली, बराच चांगला लिहिला असशील, त्यांना इतकी गाढ झोप हल्ली लागत नाही.

त्या सुमारास त्यांचं काम जवळपास बंद झालं होतं. फ्लेक्स आलं. नागपूरहून छापून आणलेला धबधबा, कुठल्या तरी बर्फाच्या देशातला, मागे सूचिपर्णी झाडं, आणि घडी घातली तरी रंग उडत नाही. मालकांना तो परवडे आणि बरा वाटे. अब्बांनी तक्रार केली नाही. ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, मग तेही हळूहळू थांबलं. पण ते दुकानदारांवर चिडायला लागले. रंगाच्या पुड्या भेसळीच्या येतात, निळ्यात दम नाही, पांढरा पिवळट निघतो, असं सारखं. शेवटी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. भेसळ पुड्यांत नव्हती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते.

ऑपरेशननंतर पट्टी काढली त्या दिवशी ते घरी येऊन आधी भिंतीसमोर उभे राहिले. "ही पांढरी हाय?" त्यांनी विचारलं. ते इतकी वर्षं तिला मलईच्या रंगाची समजत होते. मग माळ्यावरचा शेवटचा पडदा काढायला लावला, अंगणात पसरला, आणि बराच वेळ पाहून विचारलं, "एवढा निळा धबधबा कोन्या गाढवानं काढला?"

"तुम्हीच," अम्मी म्हणाली.

ते हसले, पण त्यांना ते लागलं. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसायचं, म्हणून ते वर्षानुवर्षं निळा ओतत गेले होते. पुढे काही दिवस ते घरभर आणि रस्त्याने नुसते पाहत फिरत. कोथिंबीर पाहत, माझ्या ओढणीची किनार पाहत, एसटीचा लाल पाहत. अम्मीला म्हणाले, तू म्हातारी झालीस हे मला कोणी सांगितलं नाही. ती तीन दिवस बोलली नाही.

आलापल्लीला एका नातलगाचं लग्न होतं. मी आणि अब्बा एसटीने गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जंगल पाहायचंय असा हट्ट धरला. गावाच्या कडेला जिथून सागाचं रान सुरू होतं तिथपर्यंत आम्ही गेलो. तिथल्या वनरक्षकाने रस्ता सोडू नका, गवत वाढलेलं आहे, असं बजावलं होतं, म्हणून डांबरी रस्त्यावरच थांबलो. पावसाळा नुकताच सरला होता. सागाची पानं किडीनं खाऊन जाळीदार झाली होती आणि उन्हाचे बारीक तुकडे त्यांतून खाली पडत होते. ऐनाच्या खोडाची साल भेगाळलेली, करडी, मधेच जांभळट. एक पायवाट रस्त्यावरून आत उतरत होती आणि पुरुषभर उंचीच्या पिवळ्या गवतात वळून दिसेनाशी होत होती. बस्स, एवढंच. पाहण्यासारखं असं काही नव्हतं.

अब्बा तिथं इतका वेळ उभे राहिले की मी मैलाच्या दगडावर जाऊन बसले. परत येताना ते म्हणाले, "मी जनमभर जंगल काढलं, अन् एकदाही पाह्यलं नाई."

वडशाला आल्यावर ते एका कंपनीच्या मालकाकडे गेले. हा मालक पूर्वी नाटकात खलनायकाची कामं करायचा, आणि त्या वेळेपासून त्याचा आवाज उगाच मोठा आहे. माणूस मऊ आहे. त्याने सांगितलं की हाताने रंगवलेला पडदा आता पुन्हा लोकांना आवडतो, त्यापुढे उभं राहून फोटो काढतात, तर एक जंगल करून द्या, मंडईच्या पहिल्या प्रयोगाला चढवू. अब्बा घरी आले आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं की हा पडदा चढला तर ते पुन्हा काम सुरू करतील, आणि नाही चढला तर ब्रश माळ्यावर, कायमचे. अम्मीने पोळी वाढत मान हलवली. ते बोलले की तसंच करतात हे आम्हाला माहीत होतं. मला तो पडदा चढायला हवा होता. माझ्या कोरड्या स्वभावाला न शोभेल इतका हवा होता, कारण पट्टी सुटल्यापासून ते खूप वर्षांनी आनंदात होते.

त्यांनी आलापल्लीची ती पायवाट काढली.

मी त्यांना त्यांच्याच नियमाची आठवण करून दिली. घरामागचं जंगल पाहायला कोण येणार, हे तुमचंच वाक्य, त्यावर मी निबंध लिहिलाय. ते म्हणाले, "ते तव्हाचं होतं. तव्हा मले दिसत नव्हतं." मी पुढे वाद घातला नाही. हळूहळू अंगणात गवत वर येऊ लागलं, कसदार पिवळं, मुळाशी हिरवट. जाळीदार पानं आली, ऐनाची साल आली. धबधबा नाही, हरणं नाहीत, सूर्यसुद्धा नाही, फक्त कुठून तरी येणारं ऊन. पायवाट पुढून आत जात होती आणि गवतात वळत होती. वळणापाशी त्यांनी काहीच काढलं नव्हतं. सकाळी गडचिरोलीला कॉलेजला निघताना मी त्या पडद्यासमोर थांबायची, आणि दोनदा माझी बस चुकली. आयुष्यात मी सुंदर या शब्दाची इतकी चिरफाड केली आहे की तो सहसा तोंडात येत नाही. त्या पडद्याला मी सुंदर म्हटलं, अब्बांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मंडईचं गाव जंगलाला अगदी लागून होतं. शनिवार होता, म्हणून मीही कंपनीच्या ट्रकच्या मागोमाग अब्बांना घेऊन गेले. दुपारीच मंच उभा राहिला. शेतात माती उतरती खणून बसायची जागा केली होती, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलं होतं. आमच्याकडे एक पद्धत आहे: नाटक रात्री असलं तरी पडदे दुपारी एकदा सोडून पाहतात, दोरी नीट चालते की नाही ते बघायला, आणि गावातली माणसं ते पाहायला जमतात. कुठल्या नाटकात काय आहे हे बाया पडद्यांवरूनच ओळखतात. राजवाडा सोडला, लोकांनी वाहवा केली. गरिबाचं घर सोडलं, कोणीतरी म्हणालं, हे तर सरपंचाच्या घरापेक्षा बरं आहे. सगळे हसले. मग जंगल सोडलं.

हसणं बंद झालं. पहिल्यांदा मला वाटलं की त्यांना आवडलं. मी तसं अब्बांकडे पाहिलंही. मग पुढे बसलेल्या बाया उठून मागे सरकू लागल्या. एका बाईनं मुलीला हाताला धरून ओढलं. एक माणूस मंचाजवळ आला, वळणापाशी गवत होतं तिकडे खाली वाकून पाहू लागला, आणि मग मालकाला म्हणाला, "त्या गवतात काय हाय?"

"काही नाही," मालक आपल्या खलनायकी आवाजात म्हणाला. "गवत आहे."

"हाय, तिथी काहीतरी हाय," तो म्हणाला.

काही नव्हतं. मी रोज पाहिलं होतं. पण आता मीही पाहिलं तेव्हा मला ते वळण नको वाटलं. गावातल्या चार कर्त्या माणसांनी मालकाला बाजूला नेलं आणि तिथं आम्हाला कळलं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली या गावची एक सून परत आली नव्हती. अशाच पायवाटेवर, अशाच वळणावर, वाघानं नेली. वाघ हा शब्द कोणी उच्चारला नाही. सगळे नुसतं 'तो' म्हणाले. तो आला, त्यानं नेली, तो अजून इकडेच आहे. इथं जंगलाच्या कडेला त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की येतो. पडद्यावर अब्बांनी नाव न घेताच त्याला बोलावून ठेवलं होतं.

मला त्या वेळी वर्ग आठवला, हे मी लपवत नाही. मी दरवर्षी सांगते की दुसऱ्याचं भय समोर मांडलं की ते सगळ्यांचं होतं आणि सोसतं. इथं भय आधीच सगळ्यांचं होतं. ते रोज सकाळी सरपणाला जाताना सगळ्यांच्या सोबत चालत होतं. त्याला मंचावर आणून काय मिळवायचं? अब्बांचा जुना नियम मी चर्चासत्रात गंमत म्हणून वाचला होता. तो गंमत नव्हता, तो या लोकांशी केलेला करार होता, आणि डोळे उघडल्याच्या आनंदात अब्बा तो विसरले होते.

मालक अब्बांजवळ येऊन हळू आवाजात बोलला. असा त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ट्रकमधे फ्लेक्सचं जंगल आहे, ते लावतो, तुमचा पडदा पुढच्या गावाला चढवू. नायक-नायिकेचं गाणं जंगलात आहे, या पडद्यापुढे ते कोण ऐकणार. अब्बांनी मान हलवली. मी त्यांच्याकडे पाहत होते. ब्रश माळ्यावर जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग ते म्हणाले, "फ्लेक्स नको लावू. उजेड हाय अजून. मी पाणी सोडतो."

रंगाची पिशवी त्यांच्यासोबत असतेच. चहावाल्याच्या चुलीवर सरस वितळवला. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, तो रंगाच्या पुडीत मिसळतात म्हणून रंग कापडाला धरतो. पडदा तसाच लटकलेला ठेवून, खाली टेबल लावून, ते वर चढले आणि त्यांनी वळणापाशी, बरोब्बर त्या उंच गवतावर, पांढऱ्याचा पहिला पट्टा वरून खाली ओढला.

मी टेबल धरून उभी होते. लोक पुन्हा जवळ आले. गवत पाण्याखाली जाऊ लागलं तसतशी बोलणी सुरू झाली. कोणी म्हणालं, अजून रुंद करा. कोणी म्हणालं, खाली कुंड पाहिजे. मला प्रत्येक पट्ट्याला वाईट वाटत होतं, आणि लोकांचे चेहरे सैल होताना दिसत होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. कुंड झालं. सवयीनं अब्बांनी कडेला हरणाची पाठ रेखली.

"हरीन नको काढू, भाऊ."

एक म्हातारी बाई टेबलाच्या अगदी जवळ येऊन उभी होती. तिला वाट करून देताना एकाने माझ्या कानाशी सांगितलं की ही त्या सुनेची सासू.

अब्बांनी वरूनच विचारलं, "काऊन वो बाई? जंगलात हरीन पाह्यजे ना."

"हरीन आलं का तो येते," ती म्हणाली. "पानीच राहू दे."

अब्बांनी ओल्या फडक्यानं हरणाची पाठ पुसली. म्हातारी तिथंच उभी राहिली. पाणी पुरतं झालं, अब्बांनी कडांना फेस काढला, आणि ती बराच वेळ पाहून, कोणाला उद्देशून नाही असं, म्हणाली, "तिची बाटली तिथीच पडली होती. भरलेली. सकाळपासून एक घोट पेली नव्हती पोरीनं." मग थोड्या वेळानं, "आता पानी हाय तिथी. बरं झालं."

अब्बा ब्रश हातात धरूनच टेबलावरून उतरले. ते म्हातारीपुढे जाऊन उभे राहिले. तीच त्यांना म्हणाली की चहा घ्या, उन्हात उभे होतात.

पडदा चढला. आम्ही संध्याकाळीच घरी परतलो होतो; रात्री नायक-नायिकेचं गाणं त्याच्यापुढे झालं आणि शिट्ट्या पडल्या, असं मालकाने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ब्रश माळ्यावर गेले नाहीत. उलट, त्या हंगामात जंगलाच्या कडेच्या गावांना जाणाऱ्या आणखी दोन-तीन कंपन्यांनी जंगलाचा पडदा मागितला, आणि सगळ्यांनी एकच अट घातली: हरणं नकोत. इतकी वर्षं झाडीपट्टीच्या जंगलात पाणी पिणारी हरणं त्या वर्षी कोणी हुकूम न काढता निघून गेली. कलेतले संकेत कसे बदलतात यावर जाड पुस्तकं आहेत. मी एक संकेत एका म्हातारीच्या एका वाक्याने बदलताना पाहिला.

थंडी सरत आली तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन एका गावी त्याच कंपनीचा मंच लागताना दाखवायला गेले. दुपारी पडदे सोडले. जंगल सुटलं आणि मी पुढे गेले. पडदा हंगामभर गुंडाळला-उलगडला गेला होता आणि धबधब्याचे पोपडे निघाले होते. बाकी कुठे काही झालं नव्हतं. साग तसाच, ऐन तसाच. फक्त पाण्यावर भेगा, आणि त्या भेगांतून पिवळं गवत बाहेर येत होतं. विद्यार्थी फोटो काढू लागले. मला आनंद झाला. अब्बांचं गवत जिवंत होतं आणि ते परत येत होतं.

घरी येऊन मी अब्बांना ते सांगितलं. म्हटलं, घाईत सरस कमी पडला असेल.

ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "पडला नाई. मीच कमी घातला."

सरस वितळवतानाच त्यांनी ते ठरवलं होतं. पाणी आज दाखवायचं, हंगामभरात ते झडेल, आणि खालचं जंगल कधीतरी, दुसऱ्या कुठल्या गावात, कोणाला तरी दिसेल. आयुष्यात एकदाच पाहून काढलेलं चित्र पुरतं बुजवायला हात धजला नाही. म्हातारी नंतर आली, तेव्हा रंग बहुतेक लावून झाला होता. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं, मान खाली न घालता.

"तो पडदा पुढच्या साली कुठी जाणार हाय?" त्यांनी विचारलं. मी मालकाला फोन लावला. पहिला प्रयोग पुन्हा म्हातारीच्याच गावात होता. गावानेच सांगून ठेवलं होतं, आणि पडदाही तोच मागितला होता.

पुढच्या दिवाळीच्या आधी मालकाने पडदा आमच्या अंगणात आणून टाकला. तोपर्यंत अर्धं गवत उघडं झालं होतं, वळण पुन्हा दिसत होतं. मी अब्बांना सांगून पाहिलं. हा पडदा राहू द्या, त्या गावासाठी नवा काढा, कापड मी आणते. याच्यासारखं दुसरं काही या भागात कोणी काढलेलं नाही, मी हे शिकवते, मला कळतं. मी बरंच बोलले, आणि प्रत्येक शब्द मनापासून बोलले.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या माउलीनं पानी पाह्यलं इथी. नवा पडदा नेला तं ते बी पानीच राहीन, पन तिचं नाई राहणार. तिनं हेच मागितलं हाय."

मी आतून रंगाची पिशवी आणून दिली.

त्यांनी पोपडे खरवडून काढले, तेव्हा थोडा वेळ सगळं गवत उघडं पडलं. ते मागे सरकून, नव्या डोळ्यांनी, एकदा पाहून आले. मग चुलीवर सरस चढवला. मी पुडी कालवून देत होते, आणि या वेळी त्यांनी सरस भरपूर घातला. वरून खाली, एकावर एक, तीन हात दिले.

संध्याकाळपर्यंत धबधबा वाळला. अब्बा नमाजाला गेले तेव्हा मी अंगणात गेले आणि वळणापाशी नखाने हळूच खरवडून पाहिलं. निघाला नाही.